झिम्न्याकच्या मातीची चव

२ मे

पोचलो एकदाचे! पहाटे निघालो, दुपारी बाराला नदीकाठी उभे. छान ऊन पडलं होतं, आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच मला काहीतरी करावंसं वाटत होतं. मोटार अलीकडच्या वस्तीत स्तेपानिदा आजीच्या अंगणात लावली. वस्ती कसली, चार घरं आणि तीन कुत्री. तिथून झाखारच्या रबरी होडीने शुर्मा नदी ओलांडली. मे महिन्यात शुर्मा अशी फुगते की पलीकडच्या ओसाड झिम्न्याक गावाला तीन बाजूंनी पाणी आणि चौथ्या बाजूला दलदल. होडी असेल तर या-जा, नसेल तर बसा.

झाखार म्हणजे माझा मेव्हणा, ताइसियाचा धाकटा भाऊ. बर्फ वितळलंय पण गवत अजून वाढलं नाही, अशा या तीन आठवड्यांत तो दरवर्षी धातू शोधायचा डिटेक्टर घेऊन ओसाड गावं धुंडाळतो. जुनी नाणी, बटणं, गळ्यातले तांब्याचे क्रूस, काय मिळेल ते. यंदा मला बरोबर घ्यायची गळ त्याला ताइसियाने घातली. माझा नवरा दिवसभर भिंतीकडे बघत बसतो, त्याला जरा बाहेर काढ, असं म्हणाली म्हणे.

तिचंही बरोबर आहे. बावीस वर्षं मी चीजच्या कारखान्यात चव बघायच्या नोकरीत काढली. डोळे मिटून एक तुकडा जिभेवर ठेवला की गाय कुठल्या उतारावर चरली ते सांगायचो. दोन वर्षांपूर्वी आठ दिवस ताप आला आणि जाताना नाक आणि जीभ घेऊन गेला. तेव्हापासून साबण आणि लोणी मला सारखंच. एकदा नासलेलं दूध वाटीभर प्यायलो आणि वाटीत अळ्या दिसल्या तेव्हा कळलं. कारखान्याने गोड शब्दांत घरी बसवलं. नाक परत आलं तर कळवा, जागा तुमचीच आहे, म्हणाले. ताइसिया अजून रोज विचारते, आज काही आलं का वास? मी मान हलवतो आणि ती पाठ फिरवून भांडी घासायला लागते.

झिम्न्याकमध्ये शंभर वर्षांत कोणी राहिलेलं नाही. घर होतं तिथे आता तळघराचा खड्डा उरलाय, त्यात काळं पाणी आणि गेल्या वर्षीची सडलेली पानं. आम्ही उतरलोय ते जंगलखात्याच्या जुन्या खोपटात. आत उंदरांच्या लेंड्या आणि कोणीतरी सोडून गेलेला एक ताठ झालेला मोजा. मी तो काठीने बाहेर टाकला आणि दोनदा हात धुतले. झाखारने मात्र आधी एका खोडावर पाव, मीठ आणि एक गोड गोळी ठेवली, टोपी काढली आणि जागेच्या अदृश्य मालकाकडे खणायची परवानगी मागितली. हे सगळेच खणणारे करतात म्हणे.

३ मे

झाखार भला माणूस आहे, पण त्याच्या सवयी बघवत नाहीत. नाणं निघालं की त्यावर पचकन थुंकतो आणि साल दिसेपर्यंत अंगठ्याने चोळतो. मग त्याच अंगठ्याने डब्यातला मासा पावावर दाबून मला देतो. मी ओले कागदी रुमाल आणलेत, त्यावर हसतो. म्हणाला, दाजी, तुम्ही काय इथे बाळंतपण करायला आलात काय?

मला शिकवलं त्याने. यंत्र जमिनीलगत, सावकाश, झाडू मारल्यासारखं फिरवायचं. कर्कश किणकिण आली तर तांबं, घुर्र झालं तर लोखंड. दुपारपर्यंत मला एक घोड्याचा नाल, एक कुलूप आणि १८७६ सालचं पाच कोपेकचं भलंमोठं नाणं मिळालं. खोटं कशाला बोलू, मजा आली. नाण्याबरोबर मातीतून एक मेलेला चिचुंद्रा वर आला, पोट फुगून फाटलेला. झाखारने नाक दाबलं. मला अर्थातच काही कळलं नाही. नाक नसल्याचा एवढाच काय तो फायदा.

इथले लोक जुन्या रीतीचे ख्रिस्ती होते. दोन बोटांनी क्रूस काढायचे, दाढी करायची नाही, चहा प्यायचा नाही, आणि भांड्यांचं सोवळं फार. परक्याला यांच्या घरी पाणी मिळायचं ते वेगळ्या भांड्यातून. गळ्यात क्रूस प्रत्येकाच्याच, त्यामुळे इथे ते पुष्कळ सापडतात, असं झाखार म्हणतो.

५ मे

नाचावंसं वाटतंय. आनंदाने! क्रमाने लिहितो.

आज तिसऱ्या खड्ड्यात उतरलो होतो. छातीइतका खोल, भिंती निसरड्या, खाली शेवाळाचा लगदा. बोटभर लांबीचा एक क्रूस मिळाला, लहान मुलाच्या गळ्यातला असावा. खिशांत चिखल भरला होता आणि वर चढायला दोन्ही हात हवे होते. म्हणून क्रूस दातांत धरला. मी! ज्याला दुसऱ्याच्या चमच्याची किळस येते त्याने शंभर वर्षं मातीत पडलेली वस्तू तोंडात धरली. वर पोचल्यावर थुंकणारच होतो.

आधी तांबं लागलं. कडू, तुरट, जिभेच्या कडांना झोंबणारं. दोन वर्षांत पहिली चव! मी तिथेच गुडघ्यांवर बसलो. मग तांब्याच्या मागून काहीतरी आलं. आंबट कोबीचं सार, त्यात सुकवलेली अळंबी, वरून जवसाच्या तेलाची धार. भास नव्हता तो. अळंबी किंचित जास्त सुकवली होती हेसुद्धा मला कळलं. मी रडलो. झाखार धावत आला, त्याला वाटलं पाय मोडला.

सांगितलं तेव्हा त्याने मला मिठी मारली. नाक परत येताना सुरुवातीला उलटसुलट वास येतात, असं डॉक्टर म्हणालेच होते. ताइसियाला मात्र अजून कळवायचं नाही असं ठरवलं. आधी खात्री करू.

६ मे

सकाळी सहा वस्तू चाखल्या. लिहायला लाज वाटते, पण धुऊन चाखल्या. धुतलेल्यांना चव नाही. न धुतलेल्यांना आहे.

बटण: क्वास, म्हणजे पावाचं पेय, चांगला आंबलेला, पुदिना घातलेला. कानातलं: मध आणि खसखस. १८९१ चं नाणं: काही नाही, नाणी बाजारात फिरतात, म्हणून असेल. जे अंगावर होतं किंवा चुलीपाशी होतं त्याला चव. चीजच्या वहीत लिहायचो तसं सगळं लिहून ठेवलंय.

जेवताना मात्र पाव मातकट लागला. ताइसियाने बांधून दिलेले कोबी भरलेले पाव तर ओल्या फडक्यासारखे. उलटसुलट, डॉक्टरांनी सांगितलं होतंच. दोन घास खाऊन उठलो.

८ मे

अंडी आणायला वस्तीत गेलो. स्तेपानिदा आजी नव्वदीची, पण पाठ ताठ. तीही जुन्या रीतीची. मला पाणी दिलं ते दाराबाहेर खिळ्याला टांगलेल्या पत्र्याच्या कपातून. झाखारने तिला छेडलं, म्हणाला, काय गं आजी, आमच्या ओठांनी तुझी भांडी बाटतात होय? ती म्हणाली, भांडं घासता येतं रे मेल्या, भीती तुझ्यासाठीच आहे. ज्याच्या वाडग्यात खाल्लंस त्याच्या घरचा झालास. मग आईच्या हातचंही गोड लागायचं नाही.

झाखार खो खो हसला. मी हसलो नाही, कारण तिने पुढे केलेल्या अंड्यांचा मला वास येत होता. ताजी, कोंबडीखालची गरम अंडी, आणि वास गटारात पडलेल्या कुत्र्याचा. अंगणातल्या लायलॅकच्या झाडाला कळ्या आल्या होत्या, त्यांना पुवाचा वास. मी कुंपणाला धरून उभा राहिलो. आजी माझ्या तोंडाकडे बघत होती. मी ओठ पुसले तर रुमालावर हिरवा डाग आला. तांब्याचा गंज, दुसरं काय.

परत आल्यावर अंडी उकडून पाहिली. पहिलाच घास बाहेर आला, आणि त्याबरोबर पोटात होतं नव्हतं ते सगळं. मग मुलाचा तो क्रूस गालात धरून पडलो तेव्हा बरं वाटलं.

९ मे

तीन दिवस अन्न नाही. भूक मात्र नाही म्हणावी तर आहे, आणि आहे म्हणावी तर अन्न बघवत नाही. झाखार डब्यातला मासा खातो तेव्हा मी बाहेर जाऊन बसतो. तेल त्याच्या हनुवटीवरून ओघळतं. हा माणूस आयुष्यभर असाच खात आला असणार आणि ताइसियाही त्याच ताटांत वाढली.

माझ्या हिरड्या हिरव्या झाल्यात. जीभ काळसर. सकाळी टाळूला चिकटलेलं बटण काढताना सालपट निघून आलं. ते मी गिळलं. असं का केलं, ठाऊक नाही.

आज जे सापडलं त्याच्या चवी वाईट होत्या. कोंडा. मग झाडाची साल आणि गवताची मुळं. मग उकडलेलं चामडं, बहुधा घोड्याचा पट्टा. दलदलीकडे जावं तसतसं गाव उपाशी होत जातं. झाखारला विचारलं तर म्हणाला, एकोणीसशे एकवीस सालचा दुष्काळ, त्याच हिवाळ्यात गाव संपलं.

११ मे

शेवटचा खड्डा, दलदलीला लागून. चुलीच्या दगडाखाली कल्हई केलेला तांब्याचा चमचा. कडेला दातांच्या खुणा.

पुसलाही नाही. सरळ तोंडात.

बावीस वर्षांत असं काही चाखलं नव्हतं. मऊ, गोडसर, चरबी जिभेवर विरघळणारी. मीठ नाही. वासराचं म्हणावं तर वासराचं नाही. डुकराच्या जवळ, पण त्याहून नाजूक. पाच-सहा वेळा चाखलं आणि नाव सुचेना. माझ्यासारख्याला नाव सुचू नये याचा रागच आला. चमचा चोखत संध्याकाळपर्यंत खड्ड्यात बसून राहिलो, कमरेपर्यंत थंड लगदा, मानेवर दोन गोचिडी टरटरून फुगलेल्या. झाखार हाका मारत होता, मी ओ दिली नाही. चमचा मागेल या भीतीने दिली नाही, हे लिहूनच टाकतो.

पोट भरल्यासारखं वाटतंय. आठवड्यात पहिल्यांदा.

१२ मे

एकटाच होडी वल्हवत गेलो. आजीला विचारलं, शेवटच्या घरात कसलं मांस शिजायचं?

तिने दोन बोटांनी क्रूस काढला. मग सांगितलं. ते घर उलिता नावाच्या बाईचं. घरात सात माणसं. त्या हिवाळ्यात गावात गाय उरली नव्हती, कुत्रं-मांजरही नव्हतं. आजीची आई तेव्हा नऊ वर्षांची, निरोप घेऊन बर्फावरून तिकडे गेली. चुलीवर मडकं होतं आणि घरात उलिता आणि तिची सासू, दोघीच. उलिताने चमचा झग्याला पुसून पोरीपुढे केला, ये बाळ, आमच्यात बस, म्हणाली. पोर तिथूनच पळाली. मडक्यात काय आहे ते तिला ठाऊक नव्हतं. पण ज्या घराने परक्याला कधी पाण्याचं भांडं दिलं नाही त्या घराने चमचा पुढे केला, एवढ्यावरून ती समजली.

बर्फ वितळलं तेव्हा उलिता घरातून एकटीच बाहेर निघाली. सात माणसं, थडगं एकही नाही, असं आजी म्हणाली.

मी तिच्या अंगणातच ओकलो. हिरवं पाणी आलं फक्त. तिने खिळ्यावरचा तो कप काढला, मी त्यातून प्यायलो होतो तो, आणि कुऱ्हाडीच्या पाठीने ठेचला. वर म्हणाली, तुझा वाडगा पलीकडे आहे. इकडे येऊ नकोस बाबा, माझ्याकडे नातवंडं येतात.

नदीच्या मधोमध चमचा पाण्यात टाकला.

१३ मे

सकाळपासून काठाच्या पाण्यात उभा राहून चिखल चाचपतोय. चमचा शोधतोय. मी! कळल्यावरही.

किळस येते आहे. माझ्या तोंडाची, जिभेची, या हातांची. मीठ घेऊन जीभ घासली, रक्त आलं. रक्त—

रक्ताला चव होती. ती नाव न सुचलेली चव. तिच्याजवळची.

दुपारी झाखारचा अंगठा फावड्याने कापला. तो चाळीस पावलांवर, वारा उलटा. तरी मला आधी कळलं. तोंडाला इतकं पाणी सुटलं की शर्ट भिजला. तो बोट दाखवायला जवळ येत होता आणि मी मागे सरकत दलदलीत शिरलो. दाजी, रक्ताला घाबरता होय, म्हणून हसला.

१४ मे

त्याला सांगितलं. सगळं नाही, ते तोंडातून निघेना. म्हटलं, तुझा वास येतो रे, लांबून येतो, तू जा. त्याने एवढंच ऐकलं की वास येतो. उड्या मारत टेकडीवर गेला, तिथे फोन लागतो. परत आला तो हसत. ताइसिया फोनवर रडली म्हणे. कारखान्यात कळवते म्हणाली. उद्या इकडेच यायला निघतेय.

नको म्हटलं. पाया पडलो त्याच्या. आणू नकोस तिला. त्याला वाटलं माझ्या अवताराची लाज वाटतेय. दाजी, ती तुम्हाला पंचवीस वर्षं बघतेय, आता काय बाकी राहिलंय, म्हणाला. आणि तिला आणायला निघाला.

होडी एकच. ती तो घेऊन गेला. पोहून जायला पाणी बर्फाचं, आणि गेलो तरी तिकडे आजीची नातवंडं.

१५ मे, सकाळ

सुऱ्या नदीत. कुऱ्हाड खड्ड्यात. फावडी दलदलीत फेकली.

दार आतून दगडाने ठोकलं. सहा खिळे, लांब, चौकटीत पूर्ण. खिडकीतून डोकंही जात नाही. चार दिवस. फार तर पाच. माणूस अन्नाशिवाय किती— पण मी आधीच किती दिवस—

तिने दाराशी यावं, शिव्या देऊन परत जावं. एवढंच.

दुपार

आली. होडीचा आवाज यायच्या आधी कळलं. नदीच्या पलीकडून.

दोन वर्षं या एका गोष्टीसाठी— ताइसियाचा वास. केसांचा नाही. साबणाचा नाही. मीठ नसलेला—

लिहीत राहायचं. लिहिताना हात कामात राहतो.

दाराला गाल लावून बोलतेय. कारखान्याने हो म्हटलंय, सोमवारपासून या म्हणालेत. वेन्या, दार उघड ना रे, असं काय करतोस, मी तुझ्यावर रागावले नाहीये. झाखार मागे, म्हणतो धक्का देऊ का. ती म्हणते नको, तोच उघडेल.

ओरडलो, जा. जा म्हटलं. शब्द नीट फुटत नाहीत, तोंडातलं पाणी—

पुन्हा ओरडलो. ती म्हणते, तू रडतोयस. मी जात नाही.

खिळे निघतायत. करकर ऐकू येतेय. झाखार, मूर्खा, नको काढूस, बाहेरून नको—

खाली पाच पडलेत. वाकडे. आतल्या बाजूला.

बाहेर कोणी काही काढत नाहीये. ती फक्त बोलतेय. वही उजव्या हाताखाली, खिळे उपसायची पकड माझ्या डाव्या हातात—